पक्का शेक

सातव्या महिन्यात माझं बाळ मातीचं झालं. नर्सबाईंनी पोट दाबून पाहिलं, तर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले आणि तसेच राहिले. "माती ओली आहे अजून," एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

डोहाळे कुणाला चुकलेत? मला मातीचे लागले. घरामागे बॅटरीचा बंद पडलेला कारखाना होता, तिथली माती जराशी गोड लागायची. तिच्यात शिसं आहे हे कळलं, ते फरशीवाले ती उकरून न्यायला आले तेव्हा. भट्टीत भाजली की शिसं आतच अडकतं, मग त्या फरश्यांवर लोक बिनघोर जेवायला बसतात म्हणे.

त्यांचे शेलार मिस्त्री खड्ड्यात डोकावून म्हणाले, "माती कमी भरतेय."

सासूबाईंनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. काय बाई ती घाई! "हिच्या पोटात आहे."

"कच्ची ठेवली तर विष झिरपत राहणार," मिस्त्री म्हणाले. "भाजावी लागेल."

"बाळ आहे ते माझं, फरशी नाही!" मी ओरडले.

"म्हणून तर जपून भाजू, वहिनी."

मला कुठे न्यावंही लागलं नाही. बाळंतिणीची खोली तयारच होती: खिडक्या बंद, फटींत चिंध्या, खाटेखाली शेगडी. सासूबाईंनी मायेने माझ्या डोक्याला फडकं बांधलं. "वारा लागायला नको गं शालन," म्हणाल्या, आणि दारात विटा रचू लागल्या. मिस्त्री चिखलाने फटी लिंपत होते. आत बघायला म्हणून त्यांनी एका विटेची जागा तेवढी मोकळी सोडली.

खोली तापली तशी लहान होत गेली. भिंती खाटेला टेकल्या, मग छत नाकाशी आलं. जीव नुसता घाबरा झाला होता, माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. "लाथ मार रे राजा, एकदा तरी मार," म्हणत मी पोट चोळत राहिले. त्याने एकदा मारली. मग पोट टणक झालं आणि माझा हात पोळला.

विटा काढल्या तेव्हा बाळ माझ्या कुशीत होतं. मुलगा. पांढरा, चकचकीत, नाकीडोळी माझ्यावर गेलेला. मिस्त्रींनी त्याला आंबट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलं, मग ते पाणी तपासलं.

"शिसं अजिबात सुटलं नाही," ते खूश होऊन म्हणाले. "आता यातून काही बाहेर येणार नाही."

सासूबाई पेढे आणायला धावल्या.

मी त्याला पदराखाली घेतलं. ओठांवर झिलई सलग चढून तोंड बंद झालं होतं, दूध ओघळून माझ्याच मांडीवर सांडलं. मी त्याच्या छातीला कान लावला. आतून कुणीतरी नखांनी खरवडत होतं.

"मिस्त्री, तो आत आहे हो!"

"फोडू नका, वहिनी. फुटला की विष मोकळं. तोही जाईल, तुम्हीही जाल."

मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि त्याच्यावर उचलून धरला. खरवडणं थांबलं. तो आत गप्प राहून वाट बघू लागला.