अर्ध्या दाढीचा टर्बो

"सिस्टर, सांगतोय ते खोटं वाटेल तुम्हाला. सगळ्यांनाच वाटतं. बायकोला तर लग्नापासून वाटत आलंय." मिस्त्रींनी नर्सबाईंच्या गाडीचं बॉनेट उचलून दांडीवर टेकवलं. "न्हाव्याकडे बसलो होतो. एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस. नदीपलीकडच्या चढावर एक गाडी चढत होती. मी म्हटलं, वस्तरा थांबव, तिच्या टर्बोचा पाइप फाटलाय! तसाच उठलो, गॅरेजात नवा पाइप काढून ठेवला. गाडीवाला आला तेव्हा म्हटलं, या, तुमचीच वाट बघतोय."

"अर्ध्या दाढीने?"

"तो म्हणाला, आधी ती दुरुस्त करा!"

नर्सबाई हसल्या, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं. त्यांचा दवाखाना डोंगरावर, आणि चढ लागला की गाडीचा जीव जायचा. पिवळा दिवा लागायचा नि भरलेले ट्रकसुद्धा हॉर्न वाजवत पुढे निघून जायचे.

मिस्त्रींची लेक स्कॅनर घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. गॅरेज आता तीच चालवायची. "टर्बोचं प्रेशर बनत नाहीये," ती ओरडली. मिस्त्रींशी बोलताना अलीकडे ती ओरडायचीच. "पाइप गळतोय की टर्बोच अडकलाय, ते मशीन नाही सांगत!"

"मशीनला कान असते तर मला कुणी विचारलं असतं?"

हे म्हणायला मोठी छाती लागते, कारण खुद्द मिस्त्रींचा उजवा कान केव्हाच संपावर गेला होता आणि डावा मर्जी असेल तेव्हाच कामावर यायचा. उभ्या गावाने ज्यांना कानसेन म्हणावं, त्यांनी हे कुणाला सांगायचं? लेकीला मात्र वास लागला होता. सकाळीच ती म्हणाली होती, "बाबा, मागून हॉर्न वाजला नि तुम्हाला कळलं नाही, तर? आज येणाऱ्या गाडीतला बिघाड कानाने शोधून दाखवा. नाही जमलं तर रस्त्यावरची ट्रायल बंद. किल्ल्या माझ्याकडे."

ट्रायल बंद म्हणजे काय, हे तिला कुठून कळणार! पान्हे, ग्रीस, गिऱ्हाइकांची कटकट, हे सगळं मिस्त्रींनी सोसलं ते त्या एका फेरीसाठी. आपण बरी केलेली गाडी चढावर घालायची, पाय दाबायचा, आणि टर्बोने हवा कोंबली की पाठ सीटला चिकटायची. त्या क्षणी म्हातारा म्हातारा राहत नसे.

लेक स्कॅनरच्या पडद्यात डोकं घालून होती. मिस्त्रींनी तेवढ्यात पाइपांखालून बोटं फिरवली. पहिला कोरडा. दुसरा कोरडा. खालचा, हवा थंड करणाऱ्या जाळीकडे जाणारा पाइप मात्र क्लॅम्पपाशी ओशट लागला. टर्बोतली हवा जिथून निसटते तिथे थोडं तेल सोडून जाते. नख पुढे सरकवलं तर बारीकशी चीर. सापडली! मिस्त्रींनी काळी झालेली बोटं झटकन पाठीमागे नेली आणि हाताची घडी तिथेच घातली. आता काम फक्त कानाचं.

"दे रेस!" लेकीने गाडी सुरू केली. मिस्त्री इंजिनावर वाकले आणि गवई डोळे मिटतो तसे त्यांनी डोळे मिटले. "अजून दे! हां. ऐकलंत सिस्टर? बारीक शिट्टी. डावीकडून, खालून. दे गं अजून! आता ही क्लॅम्पपाशी आली... आता चढतेय बघा... सोडू नकोस, दाबून धर! काय सुरेख गळतेय! अशी शिट्टी नदीपलीकडून ऐकली होती, सांगितलं ना मघाशी? अगदी हीच."

खांद्यावर हात पडला.

मिस्त्रींनी डोळे उघडले. शेजारी लेक उभी होती. मग रेस कोण देत होतं? त्यांनी सीटकडे पाहिलं. सीट रिकामी. नर्सबाई उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

लेकीने त्यांचा हात पाठीमागून पुढे आणला. काळ्या बोटांकडे पाहिलं, मग वाकून त्या क्लॅम्पकडे. खिशातल्या फडक्याने तिने एकेक बोट पुसलं. मग त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ती अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"पाइप तोच आहे, बाबा. पण गाडी मी कधीची बंद केलीय."