दादाचा फाटका आवाज

"पोरी, ही काय सतार न्हाई," सतारी-तंबोरे घडवणाऱ्या दस्तगीरचाचांनी कानस खाली ठेवली. "हिची जवारी काढून मी तरी काय करू?"

मी ऐकणारी असते तर मानसिंगदादाची बहीण कसली! चाचा जवारी काढताना तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा तुकडा सरकवतात आणि सगळं लाकूड गुणगुणायला लागतं, हे मी लहानपणापासून बघत आलेय. मिरजेत राहून एवढंही सुचू नये? मग गिटारलाच का नको? शेवटी हसत हसत त्यांनी गिटारच्या तारांखालीही सूत घातलं. गिटार चक्क शिंकली. हिला सर्दी झालीय, घरी ने आणि शेक दे, असं म्हणून चाचांनी ती माझ्या हातात दिली.

गिटार दादाची. लाल, विजेवरची, मान जरा वाकडी. कोल्हापूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून स्वस्तात आणलेली. आमच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, रेडिओदुरुस्तीच्या दुकानात एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या ग्रामोफोन जोडायच्या भोकात दादा गिटारची वायर खुपसायचा आणि आवाज पूर्ण सोडायचा. मग एकेक सूर असा लांबायचा, की कुणी दात आवळून गातंय! रेडिओ सिलोनवर इंग्रजी रॉकची गाणी लागायची, त्यांत मधेच गिटार एकटीच बोलायला लागते ना, अगदी तसा. आबा वैतागायचे. ते फौजेत सिग्नलला, बिनतारी यंत्रांवर होते, खरखर घालवण्यात त्यांचा जन्म गेला. "रेडिओला खोकला लावलास गड्या," असं म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, कार्यक्रम करून कराडहून येताना दादाचा टेम्पो उलटला. गिटार घरी आली. दादा नाही आला.

आणि आता शाळेच्या स्नेहसंमेलनात मी ती वाजवणार होते. नावसुद्धा देऊन टाकलं होतं! बोटं कशी ठेवायची ते दादानंच शिकवलेलं. रेडिओ तोच, आवाज पूर्ण, तरी बाहेर यायचा तो धुऊन इस्त्री केलेला सूर. खरी भीती शाळेची नव्हतीच. दादाचं वाजवणं कुठल्या टेपवर नव्हतं, ते फक्त माझ्या कानांत उरलं होतं. आधी आधी भर वर्गात, नाहीतर नळावर पाणी भरताना, तो सूर यायचा आणि मी मागे वळून बघायचे. हल्ली तोही येईनासा झाला होता.

चाचांकडून मी तडक दुकानात आले, सूत उपटून टाकलं आणि पुन्हा वाजवून पाहिलं. आबा समोरच कथलाचा डाख देत बसले होते. यातून दादासारखा आवाज का येत नाही, असं मी शेवटी विचारलंच.

आबांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मी त्यो दुरुस्त केला गं, विजे."

दादा गेल्यावर आबा घरात टिकत नव्हते. दुकानातलं मोडकं दिसेल ते दुरुस्त करत सुटले होते, गिऱ्हाइकांनी टाकून दिलेलंसुद्धा. त्यात दादाचा रेडिओही आला. त्याच्या स्पीकरचा कागदी पडदा फाटलेला होता. फाटक्या कडा थरथरायच्या, आणि दादाचा आवाज निघायचा तो तिथूनच. आबांनी पातळ कागद आणि सरस लावून पडदा असा सांधला होता, की जोड दिसू नये.

"पोराचं काम ऱ्हायलं हुतं, म्हणून केलं," आबा म्हणाले. "लय साफ केलं."



त्यांनी रेडिओची पाठ उघडली. दाढीचं पातं घेतलं. ज्या माणसानं जन्मात धड वस्तू मोडली नाही, त्यानं बोटानं चाचपत तो जोड शोधला आणि पातं ओढलं. कर्र झालं.

"वाजीव."

मी तार छेडली. आला! दात आवळलेला, लांबच लांब, दादाचाच. माझ्या मानेवर काटा उभा राहिला.

दुकानामागच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

"मानसिंगा," आईनं आतून विचारलं, "आलास व्हय रं?"

माझं बोट तारेवरून सुटलं. सूर विरत गेला.

"थांबू नगंस," आबा अगदी हळू म्हणाले.

मी पुन्हा वाजवू लागले. आबांनी फाटक्या पडद्यावर तळहात अलगद टेकवला, लेकराचा ताप बघावा तसा, आणि तो तिथंच राहू दिला.