धुतलेला ट्रक

नेव्हिल धुतलेला ट्रक पुन्हा पुन्हा का धुतो, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. आमच्या गावात अग्निशमन दल म्हणजे आम्हीच. मी शाळेची बस चालवते, नेव्हिल मेंढ्यांची लोकर कातरतो, आमची कॅप्टन ग्लेंडा बेकरीवाली. आग असो की अपघात, पेजर वाजला की हातातलं टाकून ट्रकच्या शेडकडे पळायचं. भोचकपणा माझ्या अंगात मुरलेला, त्यात नेव्हिल हल्ली कुणाशी धड बोलतही नव्हता.

हायवेवरच्या अपघातात गाडीचं दार कापून होईपर्यंत आतल्या मुलीचा हात त्याने धरून ठेवला होता. ती वाचली नाही. मग ग्लेंडाने आम्हाला बाजूला घेतलं. "त्याला जरा आराम देऊ. शेडमध्ये रेडिओवर बसू दे, आणि तो विषय त्याच्यापुढे काढू नका." आम्ही माना डोलावल्या, अगदी मायेने. त्याला मात्र कुणी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी शेडमध्ये गेले, तर स्वारी बादली घेऊन चाकं घासतेय.

"अरे, रंग निघेल आता!"

"निघू दे. उद्या सरावाला हेल्मेट परत देतोय मी."

"का रे?"

"नको झालोय, तर लोचटासारखा कशाला बसू? सगळ्यांच्या आधी पोचतो मी, आणि ग्लेंडा मला रेडिओपुढची खुर्ची दाखवते. त्या दिवशी माझंच काही चुकलं, असं वाटतंय ना तुम्हाला?"

"वेड्या, तुला त्रास होऊ नये म्हणून केलं ते!"

"त्रास? ट्रकवर असलो की एकच अपघात दिसतो. रेडिओवर 'आत माणूस आहे' एवढं ऐकू येतं, मग नुसती खरखर. तेवढ्यात मला दहा दिसतात. परत आलात की तुम्ही गप्पा मारता, मी जवळ आलो की चूप."

मला स्वतःचीच चीड आली. तरी तोंडातून निघालंच, "पण ट्रक का धुतोस?"

"परत आल्यावर सगळ्यांनी मिळून धुवायचा, अशी आपली पद्धत ना? मला तुम्ही त्याआधीच घरी पाठवता. म्हणून मी मागाहून माझ्या वाट्याचा धुतो."

तेवढ्यात पेजर वाजला. ग्लेंडा पिठाच्या हातांनीच धावत आली आणि सवयीने खुर्चीकडे बोट केलं. खुर्चीत मी आधीच बसले होते.

"आज इथे मी. नेव्हिलला विचार."

ग्लेंडा त्याच्याकडे वळली. "जमेल तुला?"

"विचारलंस एकदाचं," म्हणत तो ट्रकवर चढलाही.

मी रेडिओपाशी एकटी. त्यावर ग्लेंडाचा आवाज आला, "गव्हाच्या ट्रकखाली गाडी गेलीय. आत माणूस आहे." मग खरखर. त्या गाडीत मी कुणाकुणाला बसवलं नाही! बहिणीला बसवलं, बसमधल्या पोरांच्या आयांना बसवलं. गावातलं कुणी सोडलं नाही.

ट्रक परतला. बाकीचे पाइप उतरवायला लागले. नेव्हिल तडक माझ्याकडे आला.

"म्हातारा होता. पाय मोडलाय, पण जिवंत आहे. स्ट्रेचरवरून आम्हालाच शिव्या घालत होता," असं म्हणत त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न गाळता. ऐकता ऐकता मी रडायला लागले.

त्याने स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसला.

"आता तू सांग," तो म्हणाला. "तुला कोण कोण दिसलं?"