न मारलेली हाक

मॅडमचा आवाज गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता संघही गेला. कारण तो आवाज साधा नव्हता. मैदानाच्या या टोकाला मॅडम बोलल्या की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक दाबायचा.

त्या कॉलेजात आल्या तेव्हा मुलींचा फुटबॉल म्हणजे हसण्याचा विषय होता. मुलांचे जुने बूट, पुढे कापूस कोंबून, मुली घालायच्या आणि मुलांचा सराव आटोपला की उरल्यासुरल्या उजेडात खेळायच्या. त्या पोरखेळातून मॅडमनी संघ उभा केला. मुख्य प्रशिक्षक म्हणून दारावर त्यांची पाटी लागली, तोवर केस पांढरे झाले होते. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, पण तिच्यासोबत आवाजही निघाला. उरली नुसती कुजबुज, तीही जवळ बसलेल्याला ऐकू जाईल एवढीच.

मॅडमचा एक नियम काळ्या दगडावरची रेघ होता. खेळ चालू असताना कोणीही सीमारेषेकडे बघायचं नाही. "कान माझे, डोळे बॉलचे," असं त्या म्हणायच्या. जिनं मान वळवली ती पुढच्या सामन्याला बाकावर. त्यामुळे मॅडम खेळ चालवताना कशा दिसतात हे एकाही मुलीला माहीत नव्हतं. मॅडम म्हणजे पाठीमागून येणारा आवाज.

सहायक म्हणून त्यांची भाचीच होती. घरी मावशी म्हणायची, मैदानात मॅडम, आणि घाईत दोन्ही.

"तुमच्या वतीनं मी ओरडते ना," ती म्हणाली.

"तुझा आवाज म्हणजे तेल न घातलेलं दार," मॅडम कुजबुजल्या. "पोरी पळतील, पण भलतीकडेच."

ऑपरेशननंतरच्या पहिल्या सामन्याला मॅडम हात पाठीमागे बांधून रेषेवर उभ्या राहिल्या. डावीकडची मुलगी फार कडेनं पळतेय, आत यायला हवी, असं त्यांच्या मनात आलं. मुलगी आत आली. गोलकीपर मागे राहिलीय, असं वाटलं. गोलकीपर पुढे सरकली. मॅडमना समाधान वाटलं. इतक्या वर्षांची मेहनत मुलींच्या पायात मुरलीय म्हणायची.

मध्यंतराला गोलकीपर पाणी पिता पिता म्हणाली, "मॅडम, जरा बेतानं हो. कानठळ्या बसल्या आमच्या."

सगळ्या हसल्या. आपल्या गेलेल्या आवाजाची थट्टा चाललीय असं समजून मॅडमही हसल्या. भाची तेवढी हसली नाही. घरी परतताना ती म्हणाली, "मावशी, त्या थट्टा करत नव्हत्या. मी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. त्यांना तुम्ही ऐकू येता."

"आणि तुला?"

"मला काही नाही. आत उतरलेल्यांनाच येतं म्हणे. बाकावर बसलं की बंद."

त्यानंतर संघ जिंकतच गेला. प्राचार्य भेटले की म्हणायचे, "बाई, आवाज गेला आणि नशीब उघडलं." मॅडम मान डोलवायच्या. दुभत्या गायीच्या लाथा गोड, म्हणून त्यांनीही फार खोलात जायचं टाळलं. रेषेवर उभं राहायचं, मनात आणायचं, आणि समोर ते घडताना बघायचं. कुणालाही गोडी लागेल असंच ते होतं.

पण पुढे पुढे त्यांनी मनात आणलेलं एक आणि मुली करायच्या दुसरंच. मुलींनी थांबावं असं त्यांच्या मनात आलं की मुली घुसायच्या. दमलेल्या मुली आणखी जोरात पळायच्या, पडलेल्या उठायच्या, आणि प्रत्येक वेळी गोल व्हायचा. एका सामन्यानंतर टिटवी लंगडत बसमध्ये चढली. लांब काटक पायांची ही पुढच्या फळीतली मुलगी, म्हणून टिटवी.

"आज तुमचं बोलणं लागलं बरं का मॅडम," ती हसत म्हणाली. "पण पळाले."

"काय बोलले मी?"

"तेच की. पाय मोडला तर मोडू दे, देवानं दुसरा दिलाय."

मॅडमच्या अंगावर सरसरून काटा आला. हे वाक्य त्यांचंच होतं, पण तरुणपणीचं. तेव्हा त्यांना जिंकण्यापलीकडे काही दिसत नव्हतं. पुढे चांगल्या चांगल्या मुली काठी टेकत कॉलेज सोडून गेल्या, तेव्हा त्यांनी कानाला खडा लावला होता. टिटवीच्या जन्माआधीच हे वाक्य त्यांनी टाकून दिलं होतं. ते कुणी उचललं?

टिटवीचा गुडघा डॉक्टरांनी दाबून पाहिला. आतली शीर एका धाग्यावर आहे म्हणाले. आणखी एकदा पीळ बसला, तर ही पोर जन्मभर जिना चढताना कठडा शोधेल. शेवटच्या सामन्याला तिला थोडा वेळ खेळवायचं आणि लगेच काढायचं, असं मॅडमनी ठरवलं. टिटवीनंही हो म्हटलं.

त्या दिवशी ऊन लख्ख होतं. टिटवीचा पाय ओढायला लागला तशी मॅडमनी खूण केली. भाचीनं बदली मुलीला उभं केलं, रेषेवरच्या पंचानं टिटवीच्या नंबरची पाटी वर धरली. टिटवीनं मान हलवली. नाही.

"टिटवे, बाहेर ये," भाची घसा फाडून ओरडली. टिटवीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. जणू बाकावरून काही आलंच नव्हतं.

पंच बाई टिटवीशी बोलून मॅडमकडे आल्या. "ती निघत नाही. नियम असा आहे की खेळाडू निघत नसेल तर मी तिला ओढून काढू शकत नाही. आणि ती म्हणते, तुम्हीच तिला आत थांब म्हणताय." त्यांनी मॅडमच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि जरा पाय मागे घेतला. "तुमचं काय ते एकदा ठरवा."

खेळ सुरू झाला. लांबून आलेल्या बॉलवर टिटवी धावली. समोरून दांडगी बचावपटू येत होती. टिटवीचा पाय प्रत्येक पावलाला आत वळत होता आणि ती ऐकत होती. मान जरा कलती, डोळे बॉलवर. अगदी शिकवलं होतं तसं.

मॅडमनी रेषा ओलांडली आणि सरळ मैदानात चालत गेल्या. शिट्टी वाजली. प्रेक्षक आधी हसले, मग गप्प झाले. मॅडमनी टिटवीची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"माझ्याकडे बघ," त्या कुजबुजल्या. "तू ऐकतेस ती मी नाही."

टिटवीनं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग रेषेवरच्या मॅडमच्या जागेकडे पाहिलं, जिथं आता कोणीच उभं नव्हतं. तिचा रंग उडाला.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तिकडून अजून येतोय."

लाल कार्ड मॅडमना दाखवलं गेलं. टिटवी भाचीच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आली, बदली मुलगी आत गेली, आणि सामना पुढे चालला. मॅडम आणि टिटवी कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिल्या. गुडघ्यावर बर्फाची पिशवी. वरच्या खिडकीतून प्रेक्षकांचा कल्लोळ यायचा, विरायचा. गुडघा शाबूत होता. मॅडम पुन्हा पुन्हा चाचपून बघत होत्या.

"जिंकलो," मुली आत येत म्हणाल्या. पण नाचल्या नाहीत. दमून बाकांवर बसल्या. भाची दाराशी उभी राहिली.

मॅडम खोलीच्या मधोमध आल्या. नीट ऐकू यावं म्हणून सगळ्या मुली पुढे वाकल्या.

"नियम बदलला," त्या कुजबुजल्या. "आजपासून कान नाही, डोळे माझ्याकडे. माझे ओठ हलले तर तो माझा शब्द. नाही हलले, तर कुणी कितीही हाका मारो, जागचं हलायचं नाही. कळलं?"

मुलींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गोलकीपरची मान जराशी कलली. तिच्या शेजारणीची कलली. एकेक करून सगळ्यांच्या माना दाराकडे, मैदानाकडे कलल्या. गोलकीपर उठली, सोडलेली नाडी तिनं पुन्हा बांधली आणि निघाली. बाकीच्या मागोमाग. भाचीनं दोघींना दंडाला धरलं. त्या रागावल्या नाहीत, नुसते हात सोडवून घेऊन गेल्या.

"मावशी," भाची म्हणाली, "अहो, सामना संपलाय ना? मैदानाबाहेर तर ऐकू येत नव्हतं."

बाहेर सिमेंटवर बुटांचे खिळे वाजत गेले, मग गवतावर बंद झाले. मॅडमना दुसरं काही ऐकू आलं नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं. टिटवी जागेवरच होती, बर्फाची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट दाबून.

"तुला नाही बोलावलं?"

"बोलावतायत," टिटवी म्हणाली. तिचे डोळे मॅडमच्या ओठांवरून हलत नव्हते. "तुम्ही बोलत राहा मॅडम. काहीही बोला. फक्त थांबू नका."