बहिरूचा जोड

खंडेराव शेठनं पहिला फटका खांद्यावर घातला. दुसरा चुकवायला बहिरूनं हात वर केला आणि लोखंडी पाइप नेमका उजव्या पंजावर बसला. बोटं काडकन वाजली. बहिरू वेल्डिंगच्या टेबलाखाली कोसळला, तरी शेठ लाथा घालतच होता.

"चारचौघांत माझं नाक कापलंस. गळतोय तुझा जोड."

"नाय गळत, शेठ."

पुन्हा एक लाथ बसली.

झालं होतं ते एवढंच. परग्रहावर उतरणाऱ्या यानासाठी दगडाचं वय सांगणारं यंत्र बनत होतं, आणि त्याची स्टीलची हवाबंद डबी अंबडच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या शेठच्या या शेडमध्ये सुरगाण्याच्या बहिरूनं जोडली होती. लेझरनं दगड वितळवायचा, त्यातून सुटलेला आर्गॉन वायू मोजायचा, त्यावरून वय काढायचं; आर्गॉन जितका जास्त, तितका दगड जुना. आज चाचणी घ्यायला गंगापूर रोडवरच्या एका संस्थेतून यशश्री मॅडम आल्या होत्या. आपल्याच डोंगराचा, साडेसहा कोटी वर्षांचा म्हणून ठाऊक असलेला काळा दगड आत ठेवला, तर यंत्र म्हणालं तीनशे कोटी! शेठचं डोकंच फिरलं. मॅडम काचेच्या खोलीत आकडे तपासत बसल्या आणि ह्या बाबानं बहिरूला कॉलर धरून मागं ओढत नेलं.

हात ठणकून बहिरूच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पण बारा वर्षांत त्याचा एकही जोड गळला नव्हता, आणि हा आरोप त्याला लाथांपेक्षा जास्त झोंबला.

तेवढ्यात मॅडम आल्या. खाली रक्त बघून पांढऱ्याफटक पडल्या.

"अहो, काय केलंत हे? जोड गळला असता तर बाहेरची हवा आत गेली असती, नायट्रोजन दिसला असता. तो नाहीच. नुसता आर्गॉन आहे, सिलिंडरमधला. डबीत कुणी सोडला?"

शेठच्या हातातला पाइप खाली आला. सकाळी हवा मारायचा कॉम्प्रेसर बंद होता, म्हणून डबीतली धूळ त्यानंच वेल्डिंगच्या सिलिंडरचा आर्गॉन मारून उडवली होती. बहिरूनं ते पाहिलंही होतं. पण त्यामुळे काही बिघडतं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"दवाखान्याचं मी बघतो," शेठ पुटपुटला आणि त्यानं टेबलाचा आधार घेतला.

बहिरू कसाबसा उठला. नमुना कापून उरलेला काळा धोंडा टेबलावरच पडला होता. तो त्यानं डाव्या हातानं उचलला आणि शेठच्या बोटांवर घातला. एकदा, दोनदा. शेठ गुरासारखा ओरडत खाली बसला.

बहिरूनं धोंडा जागेवर ठेवला.

"मॅडम, पोलिसांना बोलवा. पण आधी कागदावर लिहा, बहिरूचा जोड गळला नाय."