पहिल्या नंबरचा चुंबक

मी चुंबक बोलतोय. हसू नका. तुमच्या फ्रिजवर केळ्याच्या नाहीतर फुलपाखराच्या आकाराचं जे काहीतरी लटकत असतं, तसला मी नव्हे. मी काळा, गोल, मधे भोक असलेला आणि चांगला वजनदार लोहचुंबक आहे. कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लोखंडी कपाटाच्या दारावर माझा मुक्काम असतो. त्या दारावर गाण्यांच्या सोळा चिठ्ठ्या एकाखाली एक लावलेल्या असतात. दोन ते सोळा नंबरांच्या चिठ्ठ्यांना साधी चिकटपट्टी पुरते. पहिल्या नंबरच्या चिठ्ठीला मात्र मीच लागतो, म्हणून माझा थोडा तोरा चालवून घ्या.

जन्माने मी नुसती काळी भुकटी. साच्यात दाबली, भट्टीत भाजली, तरी मी दगडच होतो. मग कुणीतरी मला एका यंत्रात ठेवलं, विजेचा एक जबरदस्त झटका दिला आणि त्या क्षणापासून मला ओढ लागली. खिळा दिसो, टाचणी दिसो, जीव कासावीस व्हायचा. मला एका मोठ्या स्पीकरच्या पाठीशी बसवलं आणि तो स्पीकर या कारखान्यात आला. लोकांना वाटतं, स्पीकर गातो. अहो, पुढचा कागद नुसता थरथरत असतो. त्याला थरथरायला लावणारा मागे बसलेला मी. पण माझं नाव कोण घेतो?

कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाई गुलाबी मेणात एकेक दात बसवतात, मागच्या खोलीत त्यांचे धाकटे दीर फिरत्या चाकावर कवळ्यांना चकाकी आणतात. बाई त्यांना भाऊजी म्हणतात, म्हणून दातांचे डॉक्टरही भाऊजी म्हणतात, आणि कवळ्या पोचवणारा माणूसही. तिसरी बाईंची लेक. ती शिकता शिकता इथे प्लास्टरचे ठसे ओतायची. एकदा तिने जुन्या सामानाच्या दुकानातून एका जपानी गायिकेची तबकडी आणली. का आणली, तर म्हणे कव्हर छान होतं.

पहिलं गाणं माझ्यातून गेलं आणि मेण वितळायला ठेवलेलं भांडं तिघंही विसरले. मेण उतू गेलं, बाईंनी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडण्याऐवजी म्हणाल्या, "परत लाव गं." त्या दिवसापासून ती गायिका आमच्याकडे 'मॅडम' झाली.

मॅडमचा तेव्हाचा आवाज उंच, टोकदार होता. मग नऊ वर्षं त्या गायल्याच नाहीत. परत आल्या तेव्हा आवाज चांगला दोन पायऱ्या खाली उतरला होता, कडेने जरा खरखरीत. या परत आल्यानंतरच्या सोळा गाण्यांना आमच्याकडे 'उत्तरार्ध' म्हणतात आणि सगळी भांडणं उत्तरार्धाचीच. लेक म्हणायची, "संपल्या मॅडम." बाई म्हणायच्या, "आत्ता कुठे सुरू झाल्यात." भाऊजी दोघींना हो म्हणायचे, कारण दोघींच्या हातचा चहा त्यांना लागायचा.

जपानीतलं ओ की ठो कुणालाच कळत नव्हतं. तबकडीवरची अक्षरं म्हणजे काड्यापेटी उपडी केल्यासारखी. मग कानाला जे ऐकू येईल, ते गाण्याचं नाव. एका गाण्यात मॅडम सारखं 'काय, काय' म्हणतात, ते 'काय-काय'. एकात 'नाना' येतो. भाऊजींचं ठाम मत होतं की हा नाना मॅडमना फसवून गेलेला आहे. एकात त्या अगदी काकुळतीला येऊन 'नको, नको' म्हणतात. ते ऐकून भाऊजींच्या डोळ्यांत पाणी यायचं. "काय सोसलं असेल हो बाईने," म्हणायचे आणि चाक बंद करून नाक शिंकरायचे.

याच 'नको-नको'ने माझा स्पीकर गेला. भाऊजींनी भावनेच्या भरात आवाज इतका वाढवला की पुढचा कागद टर्रकन फाटला. लेकीने स्क्रू ड्रायव्हरने मला मागून उचकटून काढलं, कपाटावर ठेवलं आणि मी फट्‌कन चिकटलो. "हा पहिल्या नंबरचा," ती म्हणाली. माझी अशी बढती झाली.

तेव्हापासून दर शनिवारी जेवणानंतर क्रमवारी ठरते. नियम दोनच. पहिला, मत देताना तोंडात घास नको. दुसरा, फोनला अर्थ विचारायचा नाही. हा नियम उगाच झाला नाही. एकदा भाऊजींनी फोनपुढे 'काय-काय' लावलं, तर फोनने अर्थ सांगितला, 'शिंपला ओला आहे, बटाटा झोपला.' बाई म्हणाल्या, "ठेवा तो तिकडे. त्याला गाण्यातलं काय कळतंय!"

पहिल्या नंबरवर बाईंचं एकच गाणं, 'माता'. त्यात मॅडम शेवटी अगदी हळू आवाजात 'माता, माता' म्हणतात. बाईंना वाटे, लांब गेलेली मुलगी आईला हाक मारतेय. ते गाणं लागलं की त्यांचा मेणाचा चाकू आपोआप थांबायचा.

आणि एका शनिवारी लेक म्हणाली, "आई, त्या आई-बिई म्हणतच नाहीयेत."

"मग काय मावशी म्हणतायत?"

"माता हा शब्द आपला आहे. त्यांचा कशाला असेल?"

"आई सगळीकडे आईच असते."

"हे मत झालं. पुरावा कुठाय?"

आता खरं सांगतो, भांडण मातेचं नव्हतंच. लेकीने दुसऱ्या शहरात नोकरी धरली होती, परवा निघायची होती, आणि ते बाईंना सहन होत नव्हतं. पण तसं म्हणायचं कुणी? म्हणून दोघी गाण्यावरून तासभर तावातावाने भांडल्या. शेवटी लेक म्हणाली, "ज्या दिवशी ते आईचं गाणं आहे हे सिद्ध करशील, त्या दिवशी फोन कर." बाई म्हणाल्या, "सिद्ध केल्याशिवाय करणारच नाही."

दोघी शब्दाच्या पक्क्या. आठ महिने झाले. 'पोचले', 'बरं', 'पैसे मिळाले', 'हं' यापलीकडे निरोप नाही. फोन वाजला की बाई हाताचं मेण घाईघाईने पुसत धावायच्या, आणि पलीकडे कुठलेतरी डॉक्टर दाढ उंच झाली म्हणून तक्रार करत असायचे. बाईंना लेकीची फार आठवण यायची. मला सगळं कळत होतं. पण मी पडलो चुंबक. खिळा ओढता येतो मला, माणूस नाही.

मग एके दिवशी जहाजवाले आजोबा आले. जहाजांच्या इंजिनांची दुरुस्ती करण्यात जन्म गेला होता त्यांचा. कवळी शिंकेबरोबर उडून फरशीवर पडली होती, तिचे तुकडे रुमालात बांधून ते थेट कारखान्यातच हजर झाले. बाईंनी तुकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आजोबा, ही नाही जुळायची. नवीनच करू. बसा." आणि सवयीने नव्या स्पीकरवर उत्तरार्ध लावला.

'नको-नको' सुरू झालं आणि आजोबा खुर्चीतल्या खुर्चीत उडाले. बोळक्या तोंडाने हसत सुटले. "मांजल! मांजल!"

भाऊजी मागच्या खोलीतून धावत आले. "वहिनी, ऐकलंत? आजोबा म्हणतायत, मंजुळ आहे!"

"आहेच मुळी मंजुळ," बाई खूश झाल्या.

आजोबा जोरजोरात मान हलवत राहिले. तेवढ्यात 'माता' लागलं. शेवटचे शब्द आले तसे आजोबांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "पुना!"

"पुन्हा? लावतो की!" भाऊजींनी पुन्हा लावलं.

"पुना! पुना!"

"आवडलं बघा त्यांना. वहिनी, दर्दी माणूस आहे." तिसऱ्यांदा लावलं. चौथ्यांदा लावलं. पाचव्यांदा लावलं तेव्हा आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला, काठी उचलली आणि तरातरा निघून गेले. भाऊजी म्हणाले, "डोळे भरून आले असतील."

दोन दिवसांनी आजोबा मेणातले दात तोंडात घालून बघायला परत आले. पक्की कवळी करण्याआधी बाई असं करतात. दात बरोबर जागी बसलेत का ते बोलल्यावर कळतं, म्हणून माणसाला साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावतात. 'स' शिट्टीसारखा वाजला की दात पुढे-मागे करायचे. आजोबा "साठ, एकसष्ट, बासष्ट" करत निघाले आणि त्रेसष्टवर एकदम थांबले. स्वतःचा स्पष्ट आवाज ऐकून त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

"मांजर!" ते गरजले. "मंजुळ नव्हे, मांजर! 'नेको' म्हणजे मांजर! ती बाई हरवलेलं मांजर शोधतेय! अकरा वर्षं काढलीत मी जपानात!"

भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतकी वर्षं ते एका मांजरासाठी रडत होते. "आणि नाना?" त्यांनी घाबरत विचारलं.

"सात. एक, दोन, तीनमधला सात."

"आणि काय?"

"शिंपला."

"म्हणजे फोन बरोबर होता!" भाऊजी मटकन बसले.

बाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी हातातला चाकू खाली ठेवला. "आजोबा," त्या म्हणाल्या, "आणि माता?"

मी कपाटाला इतका आवळून बसलो की खालची चिठ्ठी चुरगळली असती. आई म्हणा आजोबा, खोटं म्हणा हवं तर!

"तेच तर परवा कंठशोष करून सांगत होतो. पुन्हा!"

भाऊजींचा हात सवयीने स्पीकरकडे गेला.

"हात लावू नका त्याला!" आजोबा ओरडले. "अहो, 'माता' म्हणजे 'पुन्हा'!"

भाऊजींनी एक केविलवाणा प्रयत्न केला. "दात नीट बसले नसतील, वहिनी. जरा मागे घेऊन बघू या का? किंवा असं बघा, पुन्हा पुन्हा तेच तेच कोण सांगतं? आईच ना? मग झाली की आईच!"

"भाऊजी, पुरे," बाई म्हणाल्या. मग आजोबांना विचारलं, "पुन्हा काय?"

"पुन्हा ये म्हणते. आपण भांडलो, दार आपटलं, पाऊल वाजेनासं झालं. आता पुन्हा ये, पुन्हा भांडू. एवढंच आहे गाणं. तशी साधीच बाई आहे ती."

बाई उठून कपाटावरच्या त्या चिठ्ठीसमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मला काढतात. पण त्या फोनकडे वळल्या. हात मेणाने माखले होते म्हणून कोपराने बटण दाबलं आणि आवाज मोठा ठेवला. पहिल्याच घंटीला पलीकडून उचलला गेला. एवढ्या झटकन फोन उचलायला माणूस तो हातात घेऊनच बसलेला असावा लागतो.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? ऐक. ते आईचं गाणं नाहीये. तू बरोबर होतीस. मी हरले."

पलीकडून बारीक आवाजात, "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"माता," बाई म्हणाल्या.

लेकीला काहीच कळलं नाही, पण इकडे आजोबा इतके हसले की मेणातला एक दात त्यांच्या मांडीवर पडला. बाई हसत होत्या आणि रडतही होत्या, आणि मेणाच्या हाताने डोळे पुसल्यामुळे त्यांच्या गालावर गुलाबी पट्टे उमटले होते. सगळं सांगून झाल्यावर लेक म्हणाली, "शनिवारी येते. यादी काढू नकोस, मला ती स्वतःच्या हाताने फाडायचीय."

शनिवारी ती आली. आईच्या गळ्यात पडली, भाऊजींना "काका, मांजर सापडलं का?" म्हणाली आणि पिशवीतून स्वतःची यादी काढली. संपलेल्या मॅडमची सोळाच्या सोळा गाणी! आठ महिने ही पोरगी तिकडे एकटी बसून उत्तरार्धच ऐकत होती. पहिल्या नंबरवर 'नको-नको'.

"मांजराचं गाणं पहिलं?" बाई कडाडल्या.

"हरवलेल्या मांजराचं आहे, आई. तू ऐक तरी नीट."

"इतकी वर्षं कान काय गहाण टाकले होते मी? 'माता' पहिलं. अर्थ बदलला, गाणं नाही बदललं."

"आण तो चुंबक इकडे."

"हात लावून बघ!"

दहा मिनिटंही झाली नव्हती हो कारखान्यात येऊन! लेकीने मला एका बाजूने धरलं, बाईंनी दुसऱ्या बाजूने. दोघींची बोटं तीच, तशीच लांब, तशीच हट्टी. मी आयुष्यात इतका आनंदात कधी नव्हतो. मग दोघींच्या हातून मी सुटलो आणि फरशीवर आपटलो. खळ्ळकन आवाज झाला.

"गेला!" भाऊजी ओरडले. दोघींचे चेहरे खर्रकन उतरले. माझे बरोब्बर दोन तुकडे झाले होते.

लेकीने खाली वाकून एक तुकडा उचलला आणि भीत भीत कपाटाजवळ नेला. फट्‌! बाईंनी दुसरा नेला. फट्‌! तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, चुंबक अर्धा होत नसतो. तुकडा झाला की तोही पुरता चुंबकच असतो. आता कपाटावर दोन याद्या आहेत, आणि दोन पहिले नंबर. लेक दर महिन्याच्या एका शनिवारी येते, आणि त्या शनिवारी शेजारचा घड्याळजी दुपारची झोप घेत नाही.

तेव्हा मी बोलतोय म्हणू की आम्ही बोलतोय, हे माझं मलाच कळत नाही. कधी कवळी करायला आलात तर तुम्हालाही मत विचारतील. बिनधास्त सांगा, दोघींपैकी एक तरी तुमच्यावर चिडेलच. फक्त एक करा. भाऊजींच्या हातात गोंदाची बाटली दिसली तर काढून घ्या. आम्हाला जोडायचा त्यांनी तीनदा प्रयत्न केलाय. आमचे सारखे ध्रुव शेजारी येतात, म्हणून जवळ आलो की आम्ही एकमेकांना ढकलतो, त्याला आमचा इलाज नाही. पण कपाट एकच आहे, आणि ते दोघांनीही घट्ट धरलंय.