मास्तरांचं माहेर

"आज आपल्या काकू बोलणार," वाचनालयातली बाई म्हणाली, आणि काकूंनी मांडीवरच्या पिशवीचे बंद उगीचच सोडून पुन्हा बांधले.

काय बोलायचं ते त्यांनी आठवडाभर मनात घोळवलं होतं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, दाराशी उन्हात बसून तांदूळ निवडताना. पहिलं वाक्य तर पाठच होतं. ते एकदा तोंडाबाहेर पडलं की पुढचं आपसूक येईल, असा त्यांचा अंदाज होता.

या बैठका बाईनंच सुरू केल्या होत्या. गाव तसं अलीकडचं. कालवा निघाला, शेतं भिजायला लागली आणि कुठून कुठून माणसं येऊन वसली. कोणी गिरणी टाकली, कोणी दवाखान्यात लागलं, कोणी दोन एकर घेऊन शेती धरली. आता त्यांच्या नातवंडांना आपला आजा मूळचा कुठला, एवढंही सांगता येत नव्हतं. म्हणून रविवारी दुपारी जुन्या माणसांनी यायचं, आपलं गाव सांगायचं, घराणं सांगायचं. गिरणीवाले बोलून झाले होते. निवृत्त पोस्टमन तर असे बोलले की त्यांना खाली बसवायला त्यांच्या सुनेला उठावं लागलं. नर्सबाईंनी आईचं नाव घेतलं आणि त्यांना पुढे बोलवेना.

काकूंना आजवर कोणी त्यांचं गाव विचारलं नव्हतं. टेलर मास्तरांची बायको म्हणून त्या इथं आल्या आणि तेवढ्याच ओळखीवर म्हाताऱ्या झाल्या. दुकानात मास्तर मशीनवर, काकू मागे जमिनीवर. काज करायचे, बटणं लावायची, तुरपाई करायची. गिऱ्हाईक बोलायचं ते मास्तरांशी. काकूंची बोटं लोकांना ठाऊक होती, आवाज फारसा नव्हता. त्यामुळे बाईनं गेल्या सोमवारी घरी येऊन, "काकू, या रविवारी तुम्ही," असं म्हटल्यावर त्या आधी नाहीच म्हणाल्या होत्या आणि बाई वळून पायरी उतरायच्या आत हो म्हणाल्या होत्या.

मास्तर शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांना घरी एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. दोन वर्षांमागे ते कापडावर खडूनं आखायचे आणि कशासाठी आखलं ते विसरायचे. मग दुकान बंद झालं. मग माणसं पुसट होत गेली. डॉक्टर म्हणाले होते, चारचौघांत ठेवा, जुन्या गोष्टी कानावर पडू द्या. काकू त्यांना धरून आणत आणि ते शहाण्यासारखे बसून राहत, सगळ्यांकडे बघून हसत.

काकू उठल्या. घसा खाकरला.

"आमच्या गावात सगळं पांढरं होतं," मास्तर म्हणाले.

खणखणीत आवाजात म्हणाले. पूर्वी गिऱ्हाइकाला छातीचं माप सांगायचे, तसा आवाज. काकू तशाच उभ्या राहिल्या. ते काकूंचं पाठ केलेलं वाक्य होतं.

"झाडं पांढरी, कौलं पांढरी, कुत्रीसुद्धा पांढरी. काळं कुत्रं गावात आलं तर आठवड्यात पांढरं व्हायचं. चुनाभट्ट्यांचं गाव आमचं."

लोक हसले. कितीतरी दिवसांनी मास्तर एवढं बोलत होते. बाईनं काकूंना हातानंच बसा अशी खूण केली, डोळ्यांत पाणी आणून, आणि मोबाइल मास्तरांच्या पुढ्यात धरला. काकू बसल्या. नवरा बोलायला लागलाय म्हटल्यावर बायकोला आनंद होणार, हे सगळे धरूनच चालले होते, आणि तो झालाही होता. म्हणूनच त्यांना पटकन काही सुचेना.

मास्तर सांगत गेले. बाप भट्टीवर होता. संध्याकाळी घरी आला की आई त्याला पाण्याला हात लावू द्यायची नाही. अंगावरचा चुना पाण्यानं पोळतो. आधी तेलाचा बोळा घेऊन त्याच्या पापण्या पुसायची, एकेक केस सोडवल्यासारख्या, आणि बाप लहान मुलासारखा तोंड वर करून बसायचा. आई म्हणायची, आता कुठं माझा नवरा दिसला.

सगळं बरोबर होतं. बोळा, पापण्या, आईचं बोलणं. फक्त ते वडील काकूंचे होते आणि आई काकूंची होती.

हे मास्तरांकडे कसं आलं, तेही काकूंना ठाऊक होतं. दुकानाची फळी लावली की दिवसाचं उरलंसुरलं काम दोघं मिळून संपवत, तेव्हा मास्तर म्हणायचे, सांग गं तुझ्या गावचं. काकू तुरपाई करता करता सांगायच्या. तेच तेच सांगायच्या आणि त्यांना ते दर वेळी नवं लागायचं. मास्तरांना स्वतःचं सांगण्यासारखं काही नव्हतं. आईबाप आठवत नव्हते. लांबच्या नात्यातल्या कुणी वाढवलं होतं, म्हणजे राबवलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी काकूंनी एकदा विचारून पाहिलं, तेव्हा ते नुसतेच मशीन जोरात चालवत राहिले होते. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. त्यापेक्षा आपलं सांगत राहिल्या. जेवणातलं अर्धं काढून दुसऱ्याच्या ताटात घालावं, तितक्या सहज.

आता मास्तर खाणीपाशी आले होते. काकूंनी पिशवी घट्ट धरली.

भट्ट्यांना लागणारा दगड गावामागच्या खाणीतून यायचा. सुरुंग लावायच्या आधी माणूस लाल निशाण घेऊन उभा राहायचा, शिट्टी वाजवायचा. काकूंचा धाकटा भाऊ त्या दिवशी बापाचा डबा देऊन परत येत होता. आडवाटेनं, खाणीच्या कडेकडेनं. काकू वरच्या बांधावर होत्या. निशाण त्यांना दिसलं, त्याला दिसलं नाही. त्यांनी हाक मारली. जीव खाऊन मारली. खडी फोडायची यंत्रं चालू होती. त्याला ती ऐकूच गेली नाही.

"मी खाणीच्या कडेनं चाललो होतो," मास्तर म्हणाले. "वर बांधावर माझी थोरली बहीण उभी. दोन वेण्या, पांढऱ्या झालेल्या. तिनं हाक मारली. मी मागे वळून बघितलं, निशाण दिसलं आणि धूम ठोकली. तिची हाक ऐकू आली म्हणून मी आज इथं बसलोय."

मग गिरणीवाल्यांनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. काकूंचे हात मांडीवर होते. आपला भाऊ वाचला, मोठा झाला, शिंपी झाला, म्हातारा झाला आणि आता टाळ्यांमध्ये हसतोय, हे त्या बघत होत्या. खोटं म्हणून उठून सांगायचं कुणाला? आणि उठून त्याला पुन्हा त्या दगडांखाली कोणत्या तोंडानं घालायचं?

"मग ती बहीण आता कुठं असते, मास्तर?" नर्सबाईंनी विचारलं.

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी आठवून पाहिलं.

"तिचं लग्न झालं," ते म्हणाले. "लांब दिली. नंतर काही दिसली नाही."

बैठक संपता संपता बाईला आठवलं, की आज पाळी काकूंची होती. "काकू, तुमचं राहिलंच की," ती ओशाळून म्हणाली. "पुढच्या रविवारी नक्की."

"माझं वेगळं काही नाही," काकू म्हणाल्या.

खुर्च्या रचताना मात्र त्यांना राहवलं नाही. बाई एकटीच होती. काकूंनी तिच्या हातातली खुर्ची धरली आणि हळूच सांगितलं, "ते गाव माझं आहे."

बाईनं त्यांचा हात हातात घेतला. पोर मनानं चांगली होती. "अगदी खरं आहे, काकू," ती म्हणाली. "बाई लग्न करून गेली की नवऱ्याचं गाव ते तिचंच. माझी आईसुद्धा हेच म्हणायची."

काकूंनी खुर्ची सोडली.

त्यानंतर मास्तरांना चांगले दिवस आले. शाळेतल्या मुलांना बाईनं ते बोलणं ऐकवलं. रस्त्यात पोरं विचारू लागली, मास्तर, काळं कुत्रं आलं का हो? मास्तर खूश. पोस्टमनांनी गल्लीतल्या एका कुत्र्याला खडू फासून आणला तेव्हा तर ते पोट धरून हसले. चेहऱ्यावर तरतरी आली, जेवण सुधारलं. डॉक्टर काकूंना म्हणाले, काय केलंत काय तुम्ही?

काकूंनी फोनवर लेकीला सांगितलं. ती लांबच्या शहरात नोकरीला. आईचं गाव कुठलं हे माहीत असलेली एवढी एकच. ती चिडली. आई, तू गप्प का बसलीस, म्हणाली. मामा तुझा, आजोबा तुझे. निदान बाबांना तरी सांग.

लेकीचं चुकत नव्हतं. एका सकाळी मास्तर शांत बसलेले बघून काकू त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. अगदी सावकाश सांगितलं, की भट्टीवर होते ते माझे बाबा. तेलाच्या बोळ्यानं डोळे पुसायची ती माझी आई. तुम्हाला हे सगळं मी सांगितलंय.

मास्तर ऐकत राहिले. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली, गर्दीत हात सुटल्यासारखी.

"मग माझी कुठं आहेत?" ते म्हणाले.

मास्तर उठले, आतल्या खोलीत गेले, पुन्हा बाहेर आले. खुंटीवरच्या कपड्यांमागे बघितलं. दाराबाहेर डोकावले. "माझी कुठं आहेत?" पुन्हा विचारलं, आणि मग ते रडायला लागले. आवाज न करता, खालचा ओठ आत ओढून, रडल्याबद्दल मार खाल्लेलं मूल रडतं तसे. एवढ्या वर्षांत काकूंनी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. न सांगितलेलं त्यांचं बालपण ते एवढंच असावं.

त्यांनी मास्तरांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "तुमचीच आहेत," त्या म्हणाल्या. "मीच चुकले. तुमचेच बाबा, तुमचीच आई." बऱ्याच वेळानं मास्तरांचे खांदे सैल पडले.

लेकीला त्यांनी फोनवर सांगितलं, झालं बोलून. पुढे काही सांगितलं नाही. रविवारी त्या मास्तरांना घेऊन जात राहिल्या. ते बोलताना कधी अडखळले तर पुढचा शब्द त्याच हळूच पुरवत. लोकांना त्याचं कौतुक वाटे. बायको असावी तर अशी, नवऱ्याच्या घराण्याचं सगळं मुखोद्गत.

थंडी सरता सरता मास्तर त्यांना अहोजाहो करायला लागले. सुरुवातीला काकूंना वाटलं, गंमत करतात. गंमत नव्हती. चहा दिला की ते दोन्ही हातांनी कप घेऊन, "तुम्ही कशाला तसदी घेतलीत?" म्हणत. आयुष्यभर "अगं, ऐकलंस का" म्हणून हाक मारणारा माणूस त्यांच्यासमोर पाहुण्यासारखा सावरून बसू लागला.

एका दुपारी काकू शेजारणीच्या झग्याची तुरपाई करत होत्या. मास्तर बराच वेळ त्यांच्या बोटांकडे बघत होते.

"बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

काकूंनी सुई थांबवली. "चुनाभट्ट्यांच्या गावची."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "अहो, मग माझी थोरली बहीण तुमच्या ओळखीची असणार."

"आहे ओळखीची."

"कशी आहे ती?"

"बरी आहे," काकू म्हणाल्या. "गुडघे दुखतात. वयच झालं."

"आणि नवरा? चांगला आहे ना? लांब दिली तेव्हा आई फार रडली होती."

काकूंना दोरा दिसेना. "चांगला आहे," त्या म्हणाल्या. "फार जीव लावलाय त्यानं तिला."

मास्तरांनी मान डोलावली. ऐकून त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. मग म्हणाले, "मग ती येत का नाही?"

यावर काहीही म्हणता आलं असतं. पण ते असे बघत होते, की काकू बोलून गेल्या, "येणार आहे."

"आज?"

"आज."

मास्तर तडक उठले. चांगला शर्ट मागितला. काकूंनी इस्त्री फिरवून दिला, बटणं लावली, कॉलर बसवली, विरळ केसांतून कंगवा फिरवला. त्यांनी स्वतःच खुर्ची उचलून दाराबाहेर ओट्यावर ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रस्त्याकडे तोंड करून बसले.

शाळा सुटली. मुलं ओरडत गेली. दुधाची गाडी येऊन गेली. कालव्याकडून बायका कपड्यांचे पिळे घेऊन परतल्या. दर बाईकडे मास्तर मान उंच करून बघत, आणि ती पुढे गेली की मान खाली घेत. काकूंनी दोनदा म्हटलं, आत चला, उद्या येईल. त्यांनी ऐकलं नाही. मग काकूंनी चहा आणला, आपलीही खुर्ची आणली आणि शेजारी टेकल्या.

ऊन समोरच्या भिंतीवरून वर चढत गेलं. मास्तरांनी चहा संपवला, कप जपून खाली ठेवला आणि काकूंकडे वळले.

"बाई, तुम्ही किती वेळ खोळंबणार?" ते म्हणाले. "तुमच्या घरची माणसं वाट बघत असतील. जा तुम्ही. ती आली की मी आहे इथं."

"जाते," काकू म्हणाल्या. खुर्ची जराशी पुढे ओढून त्याही रस्त्याकडे बघत बसल्या.